नामदेव ढसाळांच्या कवितेतला ‘आता’

(विहाराच्या रौप्यमहोत्सवी वर्धापन दिनाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)





समितीने आम्हाला सांगितले, “विषय तुमचा तुम्ही निवडा, पण अर्ध्या तासात आटपा.” विहाराला पंचवीस वर्षे झाली, म्हणजे आज जो तो काळाबद्दल बोलणार. आम्हीही काळाबद्दलच बोलणार आहोत, पण एका कवितेतल्या काळाबद्दल. कविता पद्मश्री नामदेव ढसाळ यांची आहे. त्यांच्या ‘गोलपिठा’ या १९७२ साली निघालेल्या पहिल्या संग्रहातली.

कुणी म्हणेल, गिरणीत सूत काढणारा माणूस कवितेवर काय बोलणार? तो प्राध्यापकांचा प्रांत. हे खरे आहे. आमच्या शाळेच्या दाखल्यावर नववी नापास आहे. पुढचे जे काही वाचन झाले ते कँटीनच्या बाकड्यावर आणि वाचनालयाच्या पुस्तकांवर. पण एक गोष्ट आम्हाला प्राध्यापकांइतकीच, कदाचित थोडी जास्तच माहीत आहे, ती म्हणजे वेळ. चौतीस वर्षे आम्ही वेळ विकून पोट भरतो आहोत. सात ते तीन, तीन ते अकरा, अकरा ते सात. पाळीची वेळ झाली की मालकाची वेळ सुरू, पाळी सुटली की आपली. आणि आपली वेळ म्हणजे काय, तर झोप. ज्यांनी रात्रपाळी केली त्यांना सांगायला नको. दिवसा झोपलेल्या माणसाच्या घरात लेकरं दबकत चालतात. बाप घरात असून नसतो.

आम्ही रिंग फ्रेमवर सायडर म्हणून लागलो. फ्रेमच्या दोन्ही बाजूंना चात्यांची रांग असते, एकेक चाती मिनिटाला दहा-पंधरा हजार फेरे घेते. सायडरचे काम एवढेच, की चालत राहायचे आणि जिथे धागा तुटला तिथे तो सांधायचा. तुटलेला धागा लगेच सांधला तर सूत होते. उशीर केला तर तेवढा कापूस नळीतून ओढला जातो, वाया जातो. ‘मागून बघू’ असे रिंग फ्रेमवर चालत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आमच्या रात्रपाळीच्या दिवसांत नागसेनवनातल्या एका प्राध्यापकांनी आम्हाला ‘गोलपिठा’ वाचायला दिला. त्याला विजय तेंडुलकरांची प्रस्तावना आहे. पहिल्या वाचनात आम्हाला निम्मे पुस्तक कळले नाही, उरलेले निम्मे वाचून झोप उडाली. मुंबईच्या कामाठीपुऱ्यातली, गोलपिठ्यातली माणसे, त्यांचीच भाषा, शिव्यांसकट. छापील पुस्तकात असे शब्द असतात हे आम्हाला माहीत नव्हते. कवी पुणे जिल्ह्यातल्या खेड्यात १९४९ साली जन्मलेला, मुंबईत त्या वस्तीत वाढलेला, टॅक्सी चालवणारा. आपल्यातलाच माणूस. पण पुस्तक घरात उघड्यावर ठेवायची आमची हिंमत झाली नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

त्या संग्रहात एक लहानशी कविता आहे, एका पानात मावणारी. शिवी एकही नाही. ओळी आम्ही इथे वाचून दाखवत नाही. पुस्तक आणले आहे, सभा संपल्यावर ज्याने त्याने हातात घेऊन स्वतः वाचावी. आम्ही फक्त तिच्यात काय आहे ते सांगतो. सूर्याला पाठ करून शतकानुशतके चाललेली माणसे आहेत. अंधाराच्या ओझ्याने पाठीत वाकलेला बाप आहे. घाम आणि रक्त कुणाचे, वैभव कुणाचे, याचा हिशेब आहे. आणि शेवटी, फार मोठ्या काळानंतर भेटलेला, सूर्यफुले वाटणारा एक फकीर आहे. प्रत्येक चित्रानंतर कवी एकच शब्द जोडीने ठणकावतो, ‘आता’.

सगळी कविता या एका शब्दावर उभी आहे. आज आम्हाला बोलायचे आहे ते या ‘आता’वरच. हा ‘आता’ घड्याळातला आहे का? कॅलेंडरवरचा आहे का? की आणखी कसला आहे?

थोडे मागे जाऊ. नव्या कवितेत काळ हा विषय काही ढसाळांनी पहिल्यांदा आणला नाही. मराठीत बा. सी. मर्ढेकरांनी ‘काही कविता’ १९४७ साली छापली. त्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. मर्ढेकरांच्या कवितेत शहर आहे, यंत्र आहे, महायुद्धानंतरचा दमलेला माणूस आहे. त्या माणसाचा दिवस यंत्रासारखा फिरतो आणि तिथेच येऊन थांबतो. त्याच्याही आधी, १९२२ साली, टी. एस. एलियट या कवीने इंग्रजीत ‘द वेस्ट लँड’ लिहिली. पडीक जमीन असा त्याचा अर्थ. पहिल्या महायुद्धानंतरचे लंडन त्यात आहे. हा कवी तेव्हा बँकेत नोकरीला होता. त्याच्या कवितेत सकाळी पुलावरून कामाला निघालेल्या माणसांचा लोंढा आहे आणि नऊचे टोले देणारे चर्चचे घड्याळ आहे. ते वाचताना आम्हाला सातच्या पाळीला फाटकाशी जमणारी आपली सायकलींची गर्दी आठवली.

इथे एक गोष्ट उपासकांनी लक्षात घ्यावी. त्या कवितेच्या तिसऱ्या भागाला एलियटने भगवान बुद्धांच्या प्रवचनाचे नाव दिले आहे. आपण ज्याला आदित्तपरियाय सुत्त म्हणतो, अग्नीचे प्रवचन, तेच ते. पूर्वी अग्निपूजा करणाऱ्या आणि नुकत्याच भिक्षू झालेल्या हजार जटिलांना बुद्धांनी गयेला सांगितले, की डोळे, कान, मन, सगळे जळते आहे आणि ही आग लोभाची, द्वेषाची, मोहाची आहे. एलियट अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात पाली आणि संस्कृत शिकला होता. आपल्या लेकरांना पालीचा कंटाळा येतो, म्हणून मुद्दाम सांगितले.

त्याच कवितेत दारूच्या गुत्त्याचा एक प्रसंग आहे. बायका गप्पा मारताहेत आणि गुत्तेवाला मध्येच ओरडतो, वेळ झाली, आटपा. पुन्हा ओरडतो. पुन्हा ओरडतो. गुत्ता बंद करायची वेळ झाली आहे. वाचताना वाटते, ही नुसती गुत्त्याची नाही, एका सबंध जगाची बंद व्हायची वेळ आहे.

आता एलियटनंतर बरोबर पन्नास वर्षांनी आलेल्या ढसाळांकडे या. तिथेही एक शब्द पुन्हा पुन्हा येतो. पण तिथली हाक दुकान बंद करण्याची नाही, दार उघडण्याची आहे. आम्हाला वाटते, याचे कारण साधे आहे. ज्यांच्याकडे पूर्वी काही होते त्यांना काळ हातातून निसटताना दिसतो. ज्यांना काळाने कधी काही दिलेच नव्हते, त्यांना तो पहिल्यांदाच हाती येतो आहे. म्हणून आपली नवी कविता उदास नाही, ती घाईवर आली आहे.

व्याकरणही बघा. आम्ही नववी नापास असलो तरी एवढे कळते. त्या कवितेत मागची गोष्ट भूतकाळात सांगितली आहे. अमुक केले, तमुक झाले. मग ‘आता’ येतो. त्याच्यापुढे वर्तमानकाळ यायला हवा, म्हणजे आता अमुक होते आहे. पण कवी तसे लिहित नाही. प्रत्येक वेळी ‘आता’नंतर ‘पाहिजे’ येते. आता हे केले पाहिजे, आता ते केले पाहिजे. म्हणजे हा ‘आता’ चालू वेळ सांगत नाही, कर्तव्य सांगतो. घड्याळात किती वाजले हे त्याला विचारू नका. तुम्ही काय करणार आहात, एवढेच तो विचारतो.

काही जुन्या मंडळींनी आम्हाला विचारले, त्यात सुरुंगाची भाषा आहे, ती विहारात कशी चालेल? प्रश्न रास्त आहे. आम्ही एवढेच म्हणू, की कवीने हवेली म्हटले आहे, माणूस म्हटलेले नाही. हवेली म्हणजे एकावर एक रचलेली उतरंड. ती बाबासाहेबांनी लेखणीने आणि घटनेने खिळखिळी केली. पंचवीशीच्या आतल्या तरुणाने १९७२ साली ती गोष्ट रागाने सांगितली, एवढाच फरक.

१९७२ हे साल आपल्या घरांत आणखी एका कारणाने माहीत आहे. त्याच वर्षी मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार वगैरे तरुणांनी दलित पँथर उभी केली. आणि त्याच वर्षी आपल्या मराठवाड्यात तो दुष्काळ पडला. आम्ही तेव्हा वर्ष-सव्वा वर्षाचे. आमचे आई-बाप पैठण तालुक्यातून दुष्काळी कामावर गेले, खडी फोडायला. सुकडी आणि मिलोची लाल भाकरी खाऊन आम्ही वाढलो. तिकडे मुंबईत कविता छापली जात होती आणि इकडे आमचा बाप उन्हात दगड फोडत होता. त्याला ती कविता ठाऊक नव्हती. पण वाकलेल्या बापाचे ते चित्र आम्ही वाचले तेव्हा दुसऱ्या कुणाचा चेहरा आमच्या डोळ्यांपुढे आलाच नाही.

आता एक गोष्ट सांगतो. ती घरच्यांशिवाय आजवर कुणाला सांगितलेली नाही.

आमचा बाप पुढे शहरात आला, हमाली केली. त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. म्हातारपणी निराधार योजनेच्या कागदावर अंगठा लावून आला आणि शाई पुसत आम्हाला म्हणाला, “लेका, मला माझं नाव लिहाया शिकव. अंगठा लावाया लाज वाटती.” आम्ही म्हटले, शिकवतो. त्याने जाफर गेटच्या रविवारच्या बाजारातून स्वतः पाटी आणि पेन्सिल आणली. पहिल्या रविवारी आम्हाला ओव्हरटाइम लागला. दुसऱ्या रविवारी जयंतीची वर्गणी फिरवायची होती. तिसऱ्या रविवारी एका वस्तीत आमचे भाषण होते. विषय काय, तर ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’. बाप दर वेळी म्हणायचा, “राहू दे, पुढल्या सुट्टीला.” त्यालाच आमची दया यायची. असे आठ-नऊ महिने गेले. मग तो आजारी पडला आणि गेला.

ती पाटी आमच्या घरात आहे. तिच्यावर एक अक्षर नाही.

चौतीस वर्षांत आम्ही लाखो धागे सांधले असतील. एकही ‘मागून बघू’ म्हणून सोडला नाही, कारण वर मुकादम होता. घरच्या धाग्यावर मुकादम नव्हता. म्हणून ती कविता आमच्यासाठी साहित्याचा विषय राहिली नाही. बापाच्या पाठीवरचे ओझे उतरवायला कवी सांगतो. सगळे ओझे आमच्याने उतरले नसते. पण चार अक्षरांएवढे उतरले असते.

बंधू-भगिनींनो, आपल्याशी वेळेच्या भाषेत खेळ नेहमीच झाला. विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळाने २७ जुलै १९७८ रोजी केला. त्यानंतर मराठवाड्यात घरे जळली, माणसे मारली गेली. प्रत्यक्ष नाव लागले १४ जानेवारी १९९४ ला. साडेपंधरा वर्षे! आमची पहिली गिरणी बंद पडली तेव्हा फाटकावर सूचना होती, कामगारांची देणी लवकरच दिली जातील. तो कागद पावसाने गळून पडला, ‘लवकरच’ काही आले नाही. बलवान माणूस नाही म्हणत नाही, तो ‘नंतर’ म्हणतो. हे आपण ओळखून आहोत. पण तोच शब्द आपण आपल्याच माणसांना कधी म्हणू लागलो, ते आपल्याला कळलेही नाही.

मग ‘आता’ म्हणजे घाई का? नाही. बाबासाहेबांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याला सांगितले, हिंदू म्हणून मरणार नाही. धम्मदीक्षा झाली १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला. एकवीस वर्षे आणि एक दिवस. या एकवीस वर्षांत ते थांबले होते का? १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली. घटनेचा मसुदा केला. १९५० साली आपल्या या शहरात, तेव्हाच्या औरंगाबादेत, कॉलेज सुरू केले, तेच आपले मिलिंद महाविद्यालय. त्यातला प्रत्येक दिवस ‘आता’ होता. दीक्षेनंतर त्यांना मिळाले अवघे त्रेपन्न दिवस. एकवीस वर्षे ‘नंतर बघू’ म्हणत काढली असती, तर त्या त्रेपन्न दिवसांत काय झाले असते?

भगवान बुद्धांनीही भद्देकरत्त सुत्तात हेच सांगितले आहे. गेल्याच्या मागे धावू नका, न आलेल्याची आस धरू नका, करायचे ते आजच करा, कारण उद्याची खात्री कुणाला आहे? ढसाळांनी ते सुत्त वाचले होते की नाही, हा प्रश्न आम्हाला महत्त्वाचा वाटत नाही. अडीच हजार वर्षांच्या अंतराने दोघांचे बोट एकाच ठिकाणी आहे, एवढे पुरे.

आता त्या फकिराबद्दल. वाचणाऱ्याला त्यात कुणी बाबासाहेब दिसतील, कुणी बुद्ध. आम्हाला दोघेही दिसतात. पण तो देतो काय, ते बघा. सूर्य देत नाही, सूर्यफूल देतो. सूर्य दिला असता तर आपले काम संपले असते. सूर्यफुलाला स्वतः वळावे लागते. आपल्याकडे लातूर-उस्मानाबादकडे, म्हणजे आजच्या धाराशिवकडे, पूर्वी सूर्यफूल पुष्कळ पेरायचे. ज्यांनी पेरले त्यांनी पाहिले असेल, की रोप कोवळे असते तेव्हा त्याचा शेंडा दिवसभर सूर्याबरोबर पूर्वेकडून पश्चिमेकडे फिरतो. आणि रात्री काय करतो? रात्रीच्या अंधारात तो हळूहळू पुन्हा पूर्वेकडे वळतो. सूर्य उगवायच्या आधी तयार असतो. फूल पूर्ण उमलले की फिरणे थांबते, मग ते पूर्वेकडे तोंड करून उभे राहते. म्हणजे वळायचे वय कोवळे आणि वळायची खरी वेळ रात्रीची. कवीच्या मनात हे होते की नाही, कोण जाणे. पण कवितेत सूर्यफूल आहे आणि सूर्यफूल असे वागते.

आपण दर वर्षी सहल घेऊन वेरूळला जातो. इथून तीसेक किलोमीटर. चौतीस लेण्यांतली पहिली बारा आपली, बौद्धांची. त्यातले पाचव्या क्रमांकाचे लेणे आठवते का? सहाव्या-सातव्या शतकाच्या सुमाराचे, सुमारे पस्तीस मीटर लांब दालन. मधोमध दगडाचे दोन ठेंगणे, लांबच लांब बाक कोरलेले आहेत. लेकरं त्यावरून पळतात. विद्वान म्हणतात, ही भिक्षूंची जेवणाची किंवा पाठांतराची, अभ्यासाची जागा असावी. आणि या लेण्याला लोक काय म्हणत होते? ‘महारवाडा’. इंग्रजांच्या काळातल्या पुस्तकांत ते नाव नोंदलेले आहे. ज्या दालनात भिक्षूंनी शांतपणे बसून पाठ केले असतील, त्याला तुच्छतेने आपल्या वाड्याचे नाव दिले गेले. आणि त्या वाड्यातल्या आपल्या वाडवडिलांना ठाऊकही नव्हते, की हे बाक कशासाठी कोरले होते. सूर्याला पाठ करून चालणे म्हणजे काय, ते आम्हाला त्या लेण्यात कळले. सूर्य मागे होताच, तीस किलोमीटरवर होता.

आणि आता आपल्या विहाराकडे येतो. इथे कुणाचे मन दुखावले तर क्षमा असावी.

पंचवीस वर्षांपूर्वी हे विहार उभे राहिले तेव्हा बायांनी डोक्यावर वाळू वाहिली, पुरुषांनी पाळी संपवून विटा लावल्या. आज कुलूप किती दिवस उघडते? बुद्धपौर्णिमा, चौदा एप्रिल, वर्षावासातले काही दिवस, धम्मचक्र प्रवर्तन दिन, सहा डिसेंबर. बाकी दिवस सकाळी एक आजी येऊन वंदना करतात, झाडतात आणि जातात. मागची खोली मूळच्या नकाशात अभ्यासिका म्हणून दाखवली आहे. त्या खोलीत आज मंडपाचे बांबू, कनाती, जुना ॲम्प्लिफायर आणि सतरंज्या आहेत. कवीने ‘आता’ म्हटले, आपण त्याच्या तारखा ठरवून टाकल्या. वर्षातून पाच दिवस ‘आता’, बाकीचे दिवस ‘नंतर’.

मागच्या वर्षी समितीच्या बैठकीत दोन ठराव आले. एक, फाटकावर कमान बांधायची. दोन, मागची खोली रिकामी करून अभ्यासिका सुरू करायची. पैसा एकाच कामापुरता होता. हात वर करून मत घेतले, कमान मंजूर झाली. इथे बसलेल्या सर्वांना सांगतो, कमानीच्या बाजूने वर झालेल्या हातांत आमचाही हात होता. कमान दिसते, तिच्यावर नावे येतात, अभ्यासिका कुणाला दिसत नाही. आम्ही म्हणालो, अभ्यासिका पुढल्या वर्षी. म्हणजे बापाला जे म्हणालो, तेच.

बैठक संपवून त्या रात्री घरी जाताना गल्लीत दहावीची एक मुलगी जिन्याच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसलेली दिसली. घरात पाहुणे, टीव्ही सुरू, एकच खोली. जिन्यावरच्या दिव्याखाली बसली होती. आम्ही विचारले, “पोरी, इथं का बसलीस?” ती म्हणाली, “काका, अकरापर्यंत हा दिवा असतो.” बस, एवढेच म्हणाली.

याच शहरातून १९६८ पासून प्रा. गंगाधर पानतावणे यांनी ‘अस्मितादर्श’ चालवले. वस्त्यांतल्या, खेड्यांतल्या मुलांची पहिली अक्षरे त्यांनी छापली. त्या मुलांना आधी कुठे तरी एक दिवा मिळाला असेल, बसायला जागा मिळाली असेल. त्याशिवाय कवी होत नाही, कारकून होत नाही, कलेक्टरही होत नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे, तिला ठरावही लागत नाही. येत्या रविवारी सकाळी आठ वाजता मागची खोली रिकामी करायची. बांबू आमच्या घरामागे ठेवू, जागा आहे. दोन ट्यूब आणि चार बाक लागतील. त्यासाठी आमच्या पगारातून या महिन्यात होईल तेवढी रक्कम आम्ही कोषाध्यक्षांकडे आजच जमा केली आहे. रोज संध्याकाळी सात ते अकरा खोली उघडी राहील. रोज एका मोठ्या माणसाने तिथे बसायचे. शिकवायला येत नसेल तरी चालेल, नुसते बसायचे. मुलांना कळले पाहिजे, की कुणी तरी आपल्यासाठी जागे आहे. आमची दुपारपाळी आता सुटली आहे. मंगळवार आणि शुक्रवार आमचे. उरलेले पाच दिवस तुम्ही वाटून घ्या.

आणि दर रविवारी सकाळी एक तास म्हाताऱ्या माणसांसाठी. ज्यांना आपले नाव लिहायला शिकायचे आहे त्यांनी यावे. लाजू नये. पाटी आणायची गरज नाही. एक आमच्याकडे आहे.

अर्धा तास संपला, अध्यक्षांनी घड्याळ दाखवले. थांबतो.

जयभीम! नमो बुद्धाय!